अंग बाहेर येणे : ‘पिशवी काढू’ म्हणण्याआधी



मागील अंकी आम्ही अंगात रक्त कमी असण्याविषयी लिहिले. त्यावर पत्रे आली. त्यांतल्या काही पत्रांत सगळा मजकूर संपल्यावर अगदी तळाला, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखे एक वाक्य होते : “आणि अंग खाली येते, त्यावर काही लिहाल का?” खाली नाव नव्हते. नावाची गरजही नाही. हे दुखणे एका बाईचे नाही, आणि ज्याची लाज वाटावी असे तर मुळीच नाही. म्हणून आजचे सबंध सदर आम्ही त्यालाच दिले आहे. ज्या घरात हे पान मोठ्याने वाचून दाखवतात तिथे आजही वाचून दाखवावे. पुरुषमंडळी उठून जाऊ लागली तर त्यांना बसवून ठेवावे. शेवटचा भाग त्यांच्यासाठीच आहे.

कोणी अंग बाहेर येणे म्हणते, कोणी मायांग म्हणते, कोणी पिशवी उतरली म्हणते. हंडा उचलताना, खोकताना, उकिडवे बसून भांडी घासताना दोन मांड्यांच्या मध्ये गोळा उतरल्यासारखा लागतो. रात्री आडवे झाले की तो आत जातो, सकाळी कामाला लागले की पुन्हा खाली. कमरेत ओढ लागते. लघवी सारखी लागते पण साफ होत नाही. काही बायांना तर बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवी किंवा शौच होत नाही, आणि वर्षानुवर्षे त्या तसेच करीत असतात. नवऱ्याला माहीत नसते. सुनेला माहीत नसते. डॉक्टरकडे गेलेच तर ‘कंबर दुखते’ एवढेच सांगतात आणि कमरेच्या गोळ्या घेऊन परत येतात.

आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त आठ. हा आकडा आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा रोगांच्या संख्येपेक्षा ‘आठ’ हाच आम्हाला जास्त लागला. सोसायचे आणि बोलायचे नाही, याचा तो हिशेब आहे.

आता हे होते कसे ते पाहू. कारण ते समजले की पुढची ऑपरेशनची भाषा आपोआप समजते.

बाईच्या ओटीपोटात तीन गोष्टी एकीमागे एक असतात. पुढे लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे शौचाचे आतडे. या तिन्हींना जागेवर धरून ठेवणारे आधार दोन प्रकारचे. वरून बांधलेल्या दोऱ्या, म्हणजे गर्भाशयाला कमरेच्या हाडांशी बांधून ठेवणारे चिवट बंध. आणि खालून नवार, म्हणजे खाटेला असते तसे स्नायूंचे विणलेले जाळे. लहान मुलाची झोळी दोऱ्यांनी टांगलेली असते आणि खाली खाट असते, तसेच हे. दोऱ्या ताणल्या, नवार सैल झाली, की जे वर आहे ते खाली येणार. कधी फक्त पुढची भिंत उतरते आणि तिच्यासोबत मूत्राशय येते. कधी मागची भिंत फुगून येते. कधी गर्भाशयच उतरते, आणि पुष्कळदा तिन्ही थोडे थोडे.

तेव्हा ही गोष्ट मनात पक्की बसवा : यात पिशवीचा काही दोष नसतो. ती बिचारी आधार गेला म्हणून खाली आलेली असते. खाटेची नवार सैल झाली म्हणून कोणी गादी फेकून देत नाही. दिली तरी खाट काही घट्ट होत नाही. आजच्या लेखात आम्हाला सांगायचे ते मुख्यतः एवढेच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार.

आधार सैल का होतो? बाळंतपणे जास्त, त्यातही कळा लांबलेली, मूल मोठे असलेली, चिमटा लावलेली. बाळंतपणानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी उचललेला पाण्याचा हंडा, विटांची पाटी, गवताचा भारा. जुनाट खोकला, मग तो चुलीच्या धुराचा असो, बिडीचा असो की दम्याचा. रोजचा मलावरोध आणि कुंथणे. अंगात कस नसणे. आणि पाळी गेल्यावर शरीरातले स्त्रीरस कमी होतात, त्याने बंध सुकतात. म्हणून तरुणपणी झालेली इजा पन्नाशीनंतर दिसू लागते. यात ‘बाईने काहीतरी वाईट केले असेल’ असे काहीही नाही. अशी कुजबूज करणाऱ्या शेजारणींना हा अंक द्यावा.

प्रत्येक उतरलेल्या अंगाला ऑपरेशन लागतेच असे नाही. गर्भाशय थोडे खाली आले आहे पण आतच आहे, त्रास फारसा नाही, तर घाई कशाला? हा कॅन्सर नाही आणि त्यातून कॅन्सर होतो असेही नाही. अशा वेळी खालच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ साली तो मांडला, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखतात. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, श्वास आवळायचा नाही. लघवी करता करता हा व्यायाम करू नये. तीन महिने नेमाने केल्याशिवाय फरक कळत नाही. लोकलमध्ये बसून, भाजी निवडताना, कुठेही करता येतो. कोणाला कळतसुद्धा नाही. मात्र पूर्ण बाहेर आलेले अंग व्यायामाने वर जाईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

दुसरा उपाय रिंगचा. डॉक्टर तिला पेसरी म्हणतात. रबराची किंवा सिलिकॉनची कडी योनीमार्गात बसवतात, ती वरचा भार तोलून धरते. माप डॉक्टर घेतात. नीट बसलेली रिंग आत आहे हे जाणवतही नाही. दर तीन-चार महिन्यांनी काढून, धुऊन, आत जखम झाली नाही ना हे पाहून पुन्हा बसवावी लागते. बसवून विसरून गेले तर घाण पाणी जाते, जखम होते, म्हणून तारीख लिहून ठेवावी. हृदयाचा आजार आहे, वय फार आहे, पोटात मूल आहे, किंवा मुलीच्या लग्नापर्यंत ऑपरेशन जमणारच नाही, अशांना रिंग हा खरा आधार. पाळी गेलेल्या बाईला सोबत आतून लावायचे मलमही डॉक्टर देतात. आपल्याकडे रिंगचे नाव फार कमी ऐकू येते, हे आम्हाला खटकते. घरी मात्र कापडाचा बोळा किंवा आणखी काही आत घालू नये.

थांबायचे नाही अशा वेळाही आहेत. लघवी अडली, बाहेर राहिलेला भाग कपड्याला घासून त्याला जखम झाली, रक्त जाऊ लागले, तर लगेच दवाखाना गाठावा. अंग पुष्कळ बाहेर आलेले असून वर्षे काढली तर लघवीच्या नळ्या मुरगळून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले तरी त्याची तपासणी झाल्याशिवाय कोणतेही ऑपरेशन करून घेऊ नये.

आता ऑपरेशन. ते एकच नाही हे आधी लक्षात घ्या. बाईचे वय काय, मूल हवे आहे का, कोणता भाग उतरला आहे, संसार चालू आहे की नाही, यावर ते ठरते.

फक्त भिंती सैल झाल्या असतील तर योनीमार्गातूनच टाके घालून त्या आवळतात. पुढची भिंत आवळली की मूत्राशय वर बसते, मागची आवळली की शौचाचा त्रास कमी होतो. पोटावर चीर नाही. पुष्कळदा हे काम दुसऱ्या ऑपरेशनच्या जोडीनेच होते.

मुले झाली आहेत, वय चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे आहे आणि गर्भाशय बाहेर आले आहे, अशांचे सर्वांत जास्त वेळा होते ते खालून पिशवी काढणे. यातही पोट फाडत नाहीत. पण खरे काम पिशवी निघाल्यावर सुरू होते. जे बंध कापले ते योनीच्या वरच्या टोकाला घट्ट बांधावे लागतात, आणि पुढच्या-मागच्या भिंती आवळाव्या लागतात. हे केले नाही, नुसती पिशवी काढून टाके घातले, तर काही वर्षांनी योनीचेच टोक उलटे होऊन खाली येते. उलटा मोजा बाहेर यावा तसे. “पिशवी काढली, मग आता काय खाली येते?” असे विचारणाऱ्या बायका आहेत. त्यांचे हेच झालेले असते. चांगला सर्जन आधार बांधतोच. तरी आपण विचारावे. अंडाशये काढणार की ठेवणार हेही विचारावे. पाळी चालू असलेल्या बाईची दोन्ही अंडाशये काढली की पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर येतो आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. विनाकारण ती काढू नयेत.

पिशवी ठेवूनही अंग वर बसवता येते, हे आपल्या वस्तीत फार थोड्यांना ठाऊक आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर या कापडगिरण्यांच्या शहरात डॉ. डोनाल्ड यांनी १८८८ साली असे ऑपरेशन सुरू केले, पुढे डॉ. फॉदरगिल यांनी त्यात सुधारणा केली. लांबलेले गर्भाशयाचे तोंड थोडे कापायचे, बाजूचे बंध पुढे ओढून त्याच्यासमोर शिवायचे, भिंती आवळायच्या. गर्भाशय जागेवर. सव्वाशेहून अधिक वर्षांचे हे ऑपरेशन मोडीत निघाले असे कोणाला वाटेल. पण नेदरलँड्समध्ये ४३४ स्त्रियांवर त्याची एका नव्या पद्धतीशी तुलना केली आणि २०२३ साली निष्कर्ष छापले. नव्या पद्धतीत गर्भाशय ओटीपोटातील एका मजबूत बंधाला टाक्याने अडकवतात. दोन वर्षांनी पाहता मँचेस्टर पद्धतीत शंभरातील ८७ जणींचे काम चांगले टिकले होते, नव्या पद्धतीत ७७ जणींचे. म्हणजे जुने ते टाकाऊ असे नाही, आणि त्याला परदेशी जाळी वगैरे काही लागत नाही. एक सांगितले पाहिजे : गर्भाशयाचे तोंड कापल्यावर पुढे दिवस राहिले तर गर्भ पडण्याची किंवा अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याची भीती वाढते. म्हणून मूल हवे असलेल्या मुलीसाठी हे नव्हे.

तिच्यासाठी काय? इथे आपल्या मुंबईचे नाव येते. गोव्यातील शिरोडा गावी जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. वि. ना. शिरोडकर जगात ओळखले जातात ते गर्भ पडू नये म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे. त्याच डॉक्टरांनी तरुण बायांचे उतरलेले गर्भाशय टांगून ठेवण्याचेही ऑपरेशन बसवले. गर्भाशयाच्या तोंडाला मागून पट्टी शिवायची आणि ती कमरेच्या कण्याच्या खालच्या हाडाला बांधायची, म्हणजे तुटलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांनी पट्टी पुढून, पोटाच्या भिंतीला बांधण्याची पद्धत काढली. बाईने जोर केला, पोट आवळले, की तीच पट्टी गर्भाशय वर ओढते. ज्या जोराने अंग खाली यायचे त्याच जोराने ते वर जावे, ही कल्पना आम्हाला मोठी हुशारीची वाटते. डॉ. खन्ना यांची पट्टी कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांना बांधली जाते. ही ऑपरेशने पोटातून होतात. पुष्कळ ठिकाणी आता दुर्बिणीतूनही करतात. पंचविशी-तिशीतल्या मुलीला “दोन मुले झाली ना, काढून टाका” असे कोणी सांगितले तर ही नावे आठवावीत. शिरोडकर, पुरंदरे, खन्ना. स्त्रीरोगतज्ज्ञाला ती सांगितली की तुम्ही काय विचारत आहात हे त्यांना लगेच कळेल.

पिशवी आधीच काढलेली असून टोक खाली आले असेल, तर ते टोक जाळीच्या पट्टीने कण्याच्या हाडाला बांधतात, पोटातून किंवा दुर्बिणीतून. किंवा खालूनच मजबूत बंधाला टाक्याने अडकवतात. ही कामे मोठ्या रुग्णालयात, हात बसलेल्या सर्जनकडेच करून घ्यावीत.

जाळीविषयी एक खुलासा करावा लागेल, कारण नावाचा घोटाळा होतो. योनीमार्गातून आत घालून भिंतीखाली पसरायची प्लॅस्टिकची जाळी मध्यंतरी परदेशात फार विकली गेली. पुष्कळ बायकांना ती आत टोचू लागली, भिंत फाडून बाहेर येऊ लागली, संबंधाच्या वेळी असह्य दुखू लागले. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अंग उतरण्यासाठी अशी जाळी विकणे बंद करायला लावले. पोटातून हाडाला बांधायची जाळी ही वेगळी, ती बंदी तिला नव्हती. तुमच्या कागदावर जाळी किंवा ‘मेश’ असा शब्द दिसला तर कोणत्या वाटेने बसवणार, एवढे विचारून घ्या.

आणि सत्तरी-पंचाहत्तरीच्या आजीसाठी, जिचा संसार आता संपला आहे आणि मोठी भूल जिला झेपणार नाही, एक सोपे ऑपरेशन आहे. फ्रान्सच्या ल फोर्ट या सर्जनने १८७७ साली ते सांगितले. योनीच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना शिवून वाटच बंद करतात, बाजूने पाणी जायला जागा ठेवतात. वेळ कमी, रक्त कमी जाते, आणि अंग पुन्हा उतरण्याचे प्रमाणही थोडे. मात्र त्यानंतर शरीरसंबंध होऊ शकत नाही. आजीला हे स्पष्ट शब्दांत सांगून, तिचे उत्तर तिच्याच तोंडून घ्यावे. मुलाने परस्पर ‘हो’ म्हणू नये. म्हातारे जोडपे आहे, आपण कोण ठरवणार?

एवढे करूनही पुन्हा उतरणार नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की अंग उतरणे किंवा लघवी गळणे यासाठी ऑपरेशन झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांचे ते पहिले नव्हते. काहींना अंग वर बसल्यावर, पूर्वी कधी नव्हती अशी खोकताना लघवी गळू लागते. आधी मुरगळलेली नळी सरळ झाल्यामुळे हे घडते. त्यावर उपाय आहे, पण आधी सांगितलेले बरे.

‘पिशवी काढू’ हा शब्द आपल्याकडे एवढा सहज का झाला, याचाही विचार करा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी २०१९ साली झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण दर सहा जणींत एक. त्यातल्या कित्येक ऐन तरुण. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, एवढ्यावरून ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातलेली, आणि खाडा झाला तर मजुरी कापली जाते म्हणून बाईही तयार झालेली. अशी अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले. गोरगरिबाच्या बाईचे शरीर म्हणजे झटपट निकाल लावण्याची वस्तू नाही. पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. हे ऐकून ज्या बाईचे अंग खरोखर बाहेर लोंबते आहे ती घाबरून घरी बसली, तर तेही नुकसानच. तिला ऑपरेशनची गरज आहे, आणि ते योग्य झाले पाहिजे.

शेजारच्या नेपाळात बायांची हीच दशा होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हा प्रजनन-हक्काचा प्रश्न ठरवला आणि उपचाराची व्यवस्था करण्यास सरकारला सांगितले. डोंगरात ओझी वाहणाऱ्या बायांसाठी शिबिरे झाली. शिबिर लागले की आपल्याकडेही रांग लागते. जावे, पण टाके काढल्यावर, महिन्याने, सहा महिन्यांनी तपासायला कोण आणि कुठे, हे विचारून मगच नाव लिहावे.

तपासायला सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात जावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत करण्यात आले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचे ऑपरेशन बसते का, हे त्या योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे; रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत असावे. डॉक्टर पुरुष असतील तर जवळ सिस्टर किंवा आपली बाई असावी असे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. तपासताना खोकायला, जोर करायला सांगतात, उभे राहूनही पाहतात. लाजू नका. आडवे पडल्यावर अंग आत जाते आणि मग आजार कमी दिसतो. खासगी दवाखान्यात पहिल्याच दिवशी ऑपरेशनची तारीख दिली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. हे दुखणे एका रात्रीत जीव घेणारे नसते. विचारायचे एवढेच : “डॉक्टर, माझे काय काय उतरले आहे? रिंगने चालेल का? पिशवी ठेवता येईल का? काढली तर वरचा आधार कशाला बांधणार?” संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून घ्यावा.

आता बंधूंनो, तुमच्याशी. ऑपरेशन एक-दीड तासाचे असते. त्याचा निकाल मात्र पुढचे तीन महिने घरात लागतो. टाके पक्के व्हायला सहा आठवडे लागतात. या सहा आठवड्यांत भरलेला हंडा नाही, बादली नाही, कडेवर मूल नाही, शरीरसंबंध नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांडे धरून पंधरा किलोंच्या वर वजन होते. एका हंड्याने सर्जनचे सगळे काम सुटू शकते. जड ओझे तर तीन महिने नाहीच. मग नळाचे पाणी कोण भरणार? तुम्ही आणि मुलगा. यात कमीपणा काही नाही, आणि चाळीत चार लोक बघतील तर बघू द्या. उकिडवे बसून शौचाला जोर लावावा लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती मांडावी. कित्येक घरांत असे करतात. मलावरोध होऊ नये म्हणून पालेभाजी, पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेले जुलाबाचे औषध. खोकला असेल तर त्याचा उपचार ऑपरेशनच्या आधी. बिडी आणि मिश्री बंद. घरात थोडे थोडे चालणे चांगले, दिवसभर पडून राहू नये.

धुणीभांडी करणाऱ्या ताईंना आमचे सांगणे, बदली बाई आधीच ठरवून ठेवा. पंधराव्या दिवशी काम सुटेल या भीतीने फरशी पुसायला गेलेल्या बाईचे टाके सैल होतात. कारखान्यात किंवा कंत्राटी साफसफाईत ज्यांचा ई.एस.आय. कापला जातो त्यांनी आजारपणाच्या रजेचा लाभ जरूर मागावा : वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. पगारातून पैसे कापले जातात आणि लाभ घ्यायचे कोणाच्या ध्यानात येत नाही, असे पुष्कळ घडते.

घरी आल्यावर ताप, घाण वास येणारे पाणी, कापड भिजेल एवढे रक्त, लघवी बंद होणे, एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणे, अचानक दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. थोडे तांबूस पाणी आणि टाक्यांचे बारीक तुकडे पडणे चालते.

रुग्णालयातून सुटताना मिळणारे कार्ड रेशनकार्डासोबत ठेवा. त्यावर नुसते ‘पिशवीचे ऑपरेशन’ असे लिहिले असेल तर परत देऊन, कोणते ऑपरेशन केले, अंडाशये ठेवली की काढली, जाळी किंवा पट्टी बसवली का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढे पाच वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तेच पहिल्यांदा लागते.